बाभळीचा अखंड कठडा

अख्ख्या नगर जिल्ह्यात लाकडाशी अदबीने आणि माणसांशी तुसडेपणाने बोलणारा एकच माणूस निघेल, आणि तो माझा व्याही आहे. ही तक्रार नाही. हे सांगताना माझी मान जराशी ताठच होते. लोकांच्या व्याह्यांच्या दारात चारचाकी असते, ट्रॅक्टर असतो, एखाद्याच्या दारात कुठल्याशा चेअरमनकीची पाटी असते. माझ्या व्याह्यांच्या दारात तांब्याचे दोन बंब, तेरा फूट लांबीची एक लाकडी पेटी आणि बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव, तीही उलगडून सरळ केलेली, एवढा ऐवज पडलेला असायचा. एवढ्यावर हा गृहस्थ लाकूड वाकवतो. तुकडे कापून, सांधे जोडून गोल आकार करणारे पुष्कळ आहेत, आमच्या सावेडीत फर्निचरच्या कुठल्याही दुकानात भेटतील. हे अख्खी फळी घेतात, तिला वाफ देतात आणि साच्याभोवती अशी बसवतात, की झाडच तसं गोल उगवलं असावं असं वाटतं. मी बांधकाम खात्यात शाखा अभियंता होतो. ओळंबा, गुण्या आणि पाणसळ घेऊन जगात कुठे काही वाकडं दिसतंय का, हे बघण्यात मी उभी नोकरी घालवली. अशा माणसाच्या नशिबी हा व्याही यावा, यात देवाची काहीतरी योजना असणार.

पहिली भेट मुलीच्या बघण्याच्या कार्यक्रमातली. शेवगावच्या पुढच्या एका खेड्यातून ही मंडळी आमच्या घरी आली. मुलगा इथेच एका कंपनीत कामाला, शिकलेला, शांत. त्याची आई, म्हणजे आताच्या आमच्या विहीणबाई, पोह्यांचं कौतुक करत होत्या. मी रुबाबात बसून माझ्या देखरेखीखाली झालेल्या पुलांविषयी सांगत होतो. मुलाच्या वडिलांचं मात्र लक्ष नव्हतं. त्यांची नजर दिवाणखान्याच्या कोपऱ्यात खिळली होती. तिथे माझ्या आईचा जुना तांब्याचा बंब होता. चिंच लावून लखलखीत घासून आम्ही त्यात मनीप्लांट लावला होता, आणि येणारेजाणारे आमच्या रसिकतेला दाद देत. मी तिसऱ्या पुलावर असताना हे उठले, बंबापाशी गेले, वेली बाजूला सारल्या, आत हात घातला, बाहेरून एक टिचकी मारली आणि मला विचारलं, "गळत न्हाई ना?"

"नाही," मी म्हणालो.

"मग ह्याच्यात माती का भरली?"

मी घाईघाईने चौथ्या पुलाकडे वळलो. जागेवर येऊन बसताना ते मुलाला म्हणाले, "घर चांगलं हाय." मुलगी अजून चहा घेऊन बाहेरसुद्धा आली नव्हती. पुढे देण्याघेण्याची बोलणी निघाली तेव्हा त्यांनी हात झटकले. एक रुपया नको, एक भांडं नको, फक्त तेवढा बंब द्या म्हणाले. आमचा मनीप्लांट तेव्हापासून साध्या कुंडीत आहे.

लग्नातही त्यांनी एक प्रकार केला. मांडवाच्या दारात हलगी वाजत होती, वऱ्हाड नाचत होतं, आणि एकाएकी नवरदेवाचे वडील मध्ये शिरून हलगीवाल्याचा हात धरून उभे राहिले. वाजणं बंद. सगळ्यांना वाटलं, काहीतरी बिनसलं. मी फेटा सावरत धावलो. मुलीच्या बापाला त्या दिवशी धावायला फारसं कारण लागत नाही. बघतो तर हे हलगी उलटी करून तिच्या लाकडी कड्यावरून अंगठा फिरवत होते. "आमच्या म्हाताऱ्याच्या हातचं कडं हाय हे," ते म्हणाले, "जोड बघा कसा घेतलाय." म्हातारा म्हणजे त्यांचे वडील. तो जोड त्यांनी मला दाखवला, माझ्या भावाला दाखवला, भटजींना दाखवला आणि घोड्यावर बसलेल्या नवरदेवालाही खाली वाकायला लावून दाखवला. अक्षता दहा मिनिटं उशिरा पडल्या.

हे वडील चाळण्यांची आणि हलगीची लाकडी कडी करायचे. पातळ पट्टी भिजवायची, चुलीवर उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरायची आणि हाताने वळवायची. पुढे पत्र्याच्या नि प्लास्टिकच्या चाळण्या आल्या आणि सगळं गाव ती कला विसरून गेलं. व्याही विसरले नाहीत. यांनी पातळ पट्टीच्या जागी जाड फळी घेतली, चुलीच्या जागी बंब आणला आणि वाफ कोंडायला लांबलचक पेटी बांधली. पाळण्याच्या कमानी केल्या, खुर्च्यांच्या पाठी केल्या, कुणी सांगितलं नसताना गावच्या शाळेच्या फाटकाला कमान करून दिली. आम्हीही सुतारच. पण माझ्या आजोबांचा लाकूड तासायचा वाकस मी काचेच्या कपाटात ठेवलाय, वरून छोटा दिवा सोडून. व्याह्यांनी तो पहिल्यांदा बघितला आणि म्हणाले, "धार गेलीया." मी काढून दिला असता तर त्यांनी तिथल्या तिथे लावूनही दिली असती, पण मला तो टोमणा वाटला आणि मी विषय बदलला.

लाकूड वाकवायच्या दिवशी त्यांच्या घरात एक नेम असतो. त्या दिवशी घरात आवाज करून काही मोडायचं नाही. नारळ फोडायचा नाही, सरपणाची काडी मोडायची नाही, शेंगासुद्धा फोडायच्या नाहीत, आणि पानात पापड तर औषधालाही वाढायचा नाही, कारण पापडाचा आवाज लाकूड ऐकतं. विहीणबाई त्या दिवशी मऊ खिचडी नाहीतर शेवयांची खीर करतात. मी शास्त्र शिकलेला माणूस, मला हसू यायचं. घड्याळाचंही तसंच. इंचभर जाडीला तासभर वाफ, हे गणित त्यांना पाठ आहे, पण ते घड्याळाकडे बघत नाहीत. पेटीच्या तोंडाशी कोंबलेलं गोणपाट जरासं सरकवून नाक लावतात. उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांसारखा वास आला की फळी तयार. मी एकदा गुपचूप मनगटी घड्याळ लावून त्यांना तपासलं होतं. दोन मिनिटांचा फरक निघाला, आणि माझं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

फळी बाहेर आली की ती जेमतेम मिनिटभर ऐकण्याच्या मनःस्थितीत असते. त्या मिनिटात नाती राहत नाहीत. फळीच्या बाहेरच्या अंगाला ती बैलगाडीची धाव आवळलेली असते, म्हणजे वाकताना बाहेरची बाजू फाटत नाही. तिचं एक टोक त्यांच्या हातात आणि दुसरं जो सापडेल त्याच्या हातात. मग हे साच्याभोवती चालू लागतात आणि फळीशी बोलायला लागतात. "बसा बाई, बसा. हळू. घाई न्हाई कुनाला. आता हिकडं. शाब्बास." आणि त्याच दमात आम्हाला, "ए, वढ की! झोपला का काय?" त्यातला 'ए' हा निवृत्त शाखा अभियंता असतो. काम झाल्यावर मात्र स्वतः तांब्या भरून आणतात, दोन्ही हातांनी मला देतात आणि "घ्या इवाई" म्हणतात. आमच्याकडे व्याही, त्यांच्या गावाकडे इवाई. एवढीच त्यांची माफी.

तर गोष्ट त्या कठड्याची. लेक-जावयाने आमच्या मागच्या गल्लीत घर बांधलं. प्लॉटवर लिंबाचं झाड होतं, ते वाचवून जावयाने समोर लाकडी फळ्यांची बैठक काढली. तो तिला डेक म्हणतो, मोबाईलवर कुठेतरी बघितलं होतं. आठ फूट रुंद, अर्धगोल, जमिनीपासून चांगली कमरेएवढी उंच. तिला कठडा हवा. जावई म्हणाला, स्टीलचा लावू. त्याचे वडील म्हणाले, "माझ्या पोराच्या घराला माझा हात लागायचा न्हाई, तर कुनाचा?" जावयाची अडचण खोटी नव्हती. वडील सत्तरीला टेकलेले, आणि वर्षभरापासून त्यांचा उजवा हात मधूनच थरथरायचा. चहाचा कप ते दोन हातांनी धरू लागले होते. शेवटी असं ठरलं, की वास्तुशांतीपर्यंत लाकडी कठडा उभा राहिला तर राहिला, नाहीतर स्टीलवाला माप घेऊन गेलाच आहे. व्याह्यांनी सगळ्यांसमोर मान डोलावली आणि मग मला बाजूला घेतलं. "इवाई," ते म्हणाले, "बारा फुटाची फळी आजवर एकसंध वाकवली न्हाई मी. हे येवढं एक काम ऱ्हायलंय. ही बसली की मग हात थरथरू दे न्हाईतर पडू दे, माझी तक्रार न्हाई."

त्यांच्या बांधावरची बाभूळ पडली होती. ती चिरून त्यांनी चार फळ्या आणल्या. लागणार एकच, बाकीच्या तीन 'आयकलं न्हाई तर' म्हणून. नव्या घरात फरश्या बसत होत्या, म्हणून सगळा कारखाना माझ्या अंगणात आला. माझ्या स्कूटरच्या जागेवर अर्धगोल साचा ठोकला गेला आणि स्कूटर उन्हात गेली. फळ्या ओल्या गोणपाटात गुंडाळून त्यांनी उत्तरेच्या भिंतीलगत, सावलीत लावल्या. तेवढ्यात शेतातला कांदा काढणीला आला आणि त्यांना तीन आठवडे गावी जावं लागलं. निघताना माझ्या बायकोला म्हणाले, "विहीनबाई, गोनपाटावर रोज पानी मारत जा." आणि मला म्हणाले, "इवाई, लाकडाकडं ध्यान ठेवा."

आता ध्यान ठेवा म्हणजे काय? नोकरीत असताना ओल्या लाकडाची दारं-खिडक्या घेऊन येणाऱ्या किती ठेकेदारांना मी माल परत न्यायला लावला असेल, याची गणती नाही. ओलं लाकूड पिळवटतं, भेगाळतं, त्याला वाळवी लागते, हे मला झोपेतही सांगता येईल. ती ओल्या गोणपाटातली बाभूळ बघून माझा जीव तिसऱ्या दिवशी कासावीस झाला. मी गडीमाणूस बोलावला आणि फळ्या गच्चीवर चढवल्या. एप्रिलचं ऊन. खाली विटा मांडल्या, सारख्या अंतरावर, पाणसळ लावून. रोज सकाळी फळ्या उलटायच्या आणि संध्याकाळी चादर घालायची. गच्चीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात बायकोच्या कुरडया वाळत होत्या, त्यामुळे तीनच फळ्या मावल्या. चौथी खाली गोणपाटातच राहिली. बायको म्हणाली, "अहो, त्यांनी पाणी मारायला सांगितलंय." मी म्हणालो, "पाणी तुला सांगितलंय. मला ध्यान सांगितलंय." अठरा दिवस आम्ही दोघं त्या गच्चीवर शेजारी शेजारी वाळवण करत होतो. मग वळवाचे ढग दिसले, म्हणून मी फळ्या खाली उतरवल्या आणि नीटनेटकं दिसावं म्हणून पुन्हा गोणपाटात गुंडाळल्या. बायको चारींवर पाणी मारू लागली. दोन दिवसांनी व्याही आले. मी त्यांना काही बोललो नाही. कठडा उभा राहिला की वास्तुशांतीच्या पंगतीत सगळ्यांसमोर आपला वाटा जाहीर करायचा, असा माझा बेत होता.

पहिली फळी उचलताना ते थांबले. "हलकी लागतीया," म्हणाले. पुन्हा उचलली. मग फळीकडे न बघता स्वतःच्या हाताकडे बघितलं. "का मलाच कळंना झालंय?" जावई वडिलांना म्हणाला, "उन्हाळा आहे दादा, सुकणारच थोडी." त्यांनी नख रोवून बघितलं; वरून ओल होती. पेटीत वाफ धरली, शेंगांचा वास आला, आम्ही जागा घेतल्या. फळी पाव वळणापर्यंत आली आणि कडाड्कन मोडली. विहीणबाईंनी सावकाश माझ्या बायकोकडे बघितलं. बायकोने त्या सकाळी कौतुकाने ताज्या कुरडया तळून सगळ्यांच्या पानात वाढल्या होत्या. तिला नेम ठाऊक नव्हता. बिचारीने उरलेल्या कुरडया डब्यात भरल्या आणि डबा माळ्यावर टाकला.

दुसऱ्या दिवशी घरात फक्त मऊ भात होता. कुणी खोकतानाही विचार करत होतं. फळी जराशी अधिक आली, "बसा बाई, बसा" चाललं होतं, आणि ती तशीच मोडली. या वेळी ते ओरडले नाहीत. त्यांनी स्वतः जाऊन बंबाच्या नळीतले निखारे काढले, त्यावर पाणी ओतलं आणि साच्याच्या कडेवर येऊन बसले. उजवा हात डाव्या हातात धरला होता. "हात गेला माझा," ते म्हणाले. "वढ कंदी द्यायची, सैल कंदी सोडायचं, ते कळंना मला. लाकडाचा काय दोस?" मग मुलाला म्हणाले, "बोलीव तुझा स्टीलवाला." ज्याला पहिल्यापासून स्टील हवं होतं, त्या जावयाचं तोंड एवढंसं झालं. त्याने फोन केला. स्टीलवाला म्हणाला, उद्या सकाळी येतो. आत विहीणबाई माझ्या बायकोला सांगत होत्या, "काल धरनं जेवले न्हाईत वो. नुसतं हाताकडं बघत बसत्यात."

दुपारी बायकोने मला वाळलेले कपडे आणायला गच्चीवर पाठवलं. तिथे माझ्या विटा तशाच होत्या, तीन ओळींत, सारख्या अंतरावर. मी त्यांच्याकडे बघत उभा राहिलो, आणि कपडे तिथेच टाकून खाली आलो. मोडलेल्या फळीच्या तोंडावर अंगठा घासून बघितला. वरचं नखभर ओलं, आत खडखडीत, बिस्किटासारखं. लाकडातली ओल गेली की त्याचा लवचिकपणा जातो, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. खोटं कशाला बोलू, गप्प बसायचा विचार माझ्या मनात आला. उद्या स्टील लागलं असतं, सगळे म्हातारपणाला दोष देऊन मोकळे झाले असते आणि मला कुणी काही विचारलं नसतं. पण व्याही अंगणात बसून बैलगाडीची धाव पोत्यात गुंडाळत होते, पुन्हा लागणार नसलेली वस्तू गुंडाळतात तशी, सुतळीच्या दुहेरी गाठी मारून. ते मला बघवलं नाही.

"व्याही," मी म्हणालो, "फळ्या मी वाळवल्या."

"काय केल्या?"

"वाळवल्या. गच्चीवर. उन्हात. अठरा दिवस." जावयाने डोळे मिटून घेतले. "रोज उलटतही होतो," हेही मी का सांगितलं, मला आजवर कळलेलं नाही.

आता काय बोलतात म्हणून मी अंग चोरून उभा होतो. त्यांनी उजवा हात समोर धरला, पालथा केला, उताणा केला, हरवलेली वस्तू परत मिळाल्यासारखा न्याहाळला. "म्हंजी हात न्हाई गेला?"

"नाही."

"म्हंजी मला हलकी लागली ती हलकीच हुती?"

"हो."

ते हसायला लागले. हसता हसता साच्यावर बसले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी पुसलंही नाही. "आरं देवा, पापडावानी वाळवली वो ह्यांनी!" दारात उभ्या विहीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मला कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

दोन फळ्या उरल्या होत्या. त्यातली एक कुरडयांच्या कृपेने गच्चीवर गेलीच नव्हती. पण कुठली? दोन्ही ओल्या गोणपाटात, दोन्हींवर सारखं पाणी. मला सांगता येईना, बायकोला येईना. व्याही म्हणाले, "थांबा." त्यांनी डोळे मिटले, एका फळीचं टोक वीतभर उचललं आणि खाली ठेवलं. दुसरीचं उचललं. हात थरथरत होता, मला दिसत होतं, आणि त्या थरथरत्या हातात ती फळी क्षणभर तशीच राहिली. "ही," ते म्हणाले. "हिच्यात जीव हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टीलवाला टेप घेऊन आला, तेव्हा पेटीतून शेंगांचा वास सुटला होता. त्याला कुणी काही समजावत बसलं नाही. "धर रं हे" म्हणून त्याच्या हातात फळी साच्याला आवळायचा शिकंजा दिला. मी धावेच्या टोकाला, जावई साच्याच्या मधल्या खुंटीला. फळी आली. "बसा बाई, बसा." पाव वळण झालं. अर्धं झालं. ज्या जागी कालची गेली होती, तिथे ते थबकले, टाच रोवली, अंग मागे टाकलं आणि फळीला अगदी हलक्या आवाजात काहीतरी सांगितलं. ते मला ऐकू आलं नाही. मग पुन्हा चालू लागले. फळी त्यांच्यामागे मुकाट्याने वळत गेली, थेट शेवटच्या खुंटीपर्यंत. स्टीलवाल्याने शिकंजा आवळला. त्यांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, "बसली." त्यांनी तांब्या भरून आणला आणि मी तो एका दमात रिकामा केला. स्टीलवाला साच्याभोवती दोनदा फिरून आला. "काका, जोड कुठं घेतला?" त्याने विचारलं. व्याही म्हणाले, "जोड न्हाई." हे दोन शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की मला माझे सगळे पूल फिके वाटले.

वास्तुशांतीला कठडा उभा होता. रंधा मारलेला, तेल पाजलेला, पिकल्या खजुराच्या रंगाचा. सत्यनारायणापेक्षा जास्त माणसं कठड्यापाशी होती. जो येई तो या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवत जाई, जोड शोधत. मी तिथेच उभा राहून प्रत्येकाला "शोधा, शोधा" म्हणत होतो. टेप लावून दाखवत होतो, बारा फूट सात इंच, एकसंध. बायको म्हणाली, जावयाच्या घरी इतकं मिरवू नये. पण आमच्या खात्यातला एक जुना साहेब आला होता, कुणाचं कधी बरं न बोलणारा. त्याने दोनदा हात फिरवला आणि विचारलं, "कुणी केलं हो हे?" मी म्हणालो, "माझ्या व्याह्यांनी." नोकरीत मला पदोन्नती मिळाली त्या दिवशीही माझी छाती एवढी फुगली नव्हती. पंगतीत व्याह्यांनी माझा वाटाही न विसरता जाहीर केला. "ह्यात इवायांचीबी मेहनत हाय," ते म्हणाले. "तीन फळ्या वाळवल्या त्यांनी."

तेव्हापासून व्याही आणि विहीणबाई मुलाकडेच असतात. यंदा माझ्या बायकोने त्या लिंबाखाली बसायला एक बाक मागितला, पाठ जराशी गोल असलेला. चार फुटांची फळी, म्हणजे त्यांच्या दृष्टीने पोरखेळ. बाभळीची फळी आली, गोणपाटात शिरून माझ्या उत्तरेच्या भिंतीला लागली, आणि तिच्यावर सकाळ-संध्याकाळ मी स्वतः पाणी मारलं. त्या दिवसांत मी गच्चीची पायरीसुद्धा चढलो नाही. पेटीतून शेंगांचा वास आला, आम्ही जागा घेतल्या, "बसा बाई" झालं. अर्ध्या वळणावर त्यांचा उजवा हात जोराने थरथरला, फळीला झटका बसला आणि ती गेली.

मोडलेल्या तोंडातून वाफ येत होती. आतलं लाकूड ओलं, तंतूतंतूत ओलं, मला दिसत होतं, आणि मला दिसत होतं म्हणजे त्यांना दिसतच असणार. त्यांनी तो तुकडा हातात धरून मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत या माणसाने काही मागायला माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं, बंब मागतानाही नाही.

"इवाई," त्यांनी विचारलं, "तुमी वाळवली हुती का वो?"

"हो," मी म्हणालो. "दोनच दिवस. राहवलं नाही मला."

बायको माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"तरीच," ते म्हणाले. तुकडा त्यांनी हळूच खाली ठेवला आणि ओला हात धोतराला पुसला. मग पहिल्यासारखे माझ्यावर खेकसले, "किती येळा सांगायचं तुमाला? गच्चीला कुलूप घाला, अन् किल्ली आना हिकडं!"

मी कुलूप घातलं. गच्चीची किल्ली आता त्यांच्या कडदोऱ्याला असते, आणि आम्हाला कपडे वाळत घालायचे झाले तर मागच्या गल्लीत जाऊन ती मागून आणावी लागते. बाकाची दुसरी फळी भिंतीलगत आहे. मी तिच्यावर पाणी मारतो, दिवसातून तीनदा. परवा बाजारात गेलो होतो, तेव्हा त्या कुलपाची एक जादा किल्ली करून घेतली. ती मी लावणार नाही. पण ही फळीही गेली आणि त्यांनी पुन्हा माझ्याकडे तसं बघितलं, तर मला खिशातून काढून दाखवता यावी, एवढ्यासाठी ती जवळ ठेवली आहे.